जुन्या पिकअपचे ब्रेक सुधारायचेत: पुढे डिस्क टाकू, की आधी दुसरं काही बघू?

रातपाळी_ओतूर

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा स्वतःचा धागा काढतोय. थोडं लांबेल, पण पूर्ण वाचून सांगा.

गाडी २००४ ची डिझेल पिकअप, जीपच्या चेसिसवर बांधलेली. चारही चाकांना ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारं भांडं आणि आतून त्याला घासणारी लायनर. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) आहे, मास्टर सिलेंडर (पेडलचा दाब तेलावर टाकणारा) दोन कप्प्यांचा. वडिलांनी घेतलेली, गेली नऊ वर्षं मी चालवतो. कामही ठरलेलं. ओतूरहून रात्री अकराच्या सुमाराला टोमॅटो, कोबी, फ्लॉवर भरून निघायचं, माळशेज उतरायचा, टोकावडे, मुरबाड करत पहाटे कल्याण मार्केटला लागायचं. हौद्यात पन्नास-पंचावन्न क्रेट, म्हणजे अकराशे-बाराशे किलो माल. येताना गाडी मोकळी. म्हणजे आमचा भरलेला प्रवास सगळा उताराचा आहे, हे लक्षात घ्या.

मागच्या महिन्यात घाटात ब्रेकने दगा दिला. पहिली चार-पाच वळणं नीट गेली. मग पाय तेवढाच दाबूनही गाडी धरेना. पेडल टणक होतं, पण गाडी पुढेच सरकत होती. लायनर जळाल्याचा वास केबिनमध्ये आला. घाट संपत आला तेव्हा उलटंच झालं, पेडल मऊ पडलं आणि पार खाली गेलं. तीन-चार वेळा पंप मारल्यावर थोडं धरलं. गिअर खाली घेतला, हँडब्रेक ओढला आणि डावीकडच्या गटारात चाक घालून गाडी उभी केली. चुलतभावाने उडी मारून चाकाला दगड लावला. दोघंही बराच वेळ बोललो नाही.

पाऊण तासाने पेडल जिथल्या तिथे! काही झालंच नाही असं. आमच्या मिस्तरींनी दुसऱ्या दिवशी बघितलं, म्हणाले सगळं बरोबर आहे. दुसरे एक म्हणाले, पुढे डिस्क टाक, मोकळा होशील. नव्या पिढीच्या गाडीचा पुढचा संच कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात मिळतो म्हणे. पैसे घालायला तयार आहे. पण घातल्यावर तोच प्रकार परत घडायला नको. घरात दोन लहान मुलं आहेत.

घाटमाथा

दादा, सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. मी तीस वर्षं ट्रक चालवला, आता घरी असतो. डिस्कचं नंतर बघू. आधी एकच सांगा. घाट कुठल्या गिअरमध्ये उतरत होता?

रातपाळी_ओतूर

काका, खरं सांगतो. वर चौथा. वळण आलं की तिसरा. ब्रेकवर पाय जवळजवळ सतत.

घाटमाथा

मग ब्रेकने दगा दिला असं मी म्हणणार नाही. त्याच्याकडून त्याच्या ताकदीबाहेरचं काम करून घेतलं. आम्हाला उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं की ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. तुमची भरलेली गाडी माळशेज चढायला लावली तर दुसऱ्या-तिसऱ्यातच चढेल ना? मग उतरायचीही त्यातच. इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेक फक्त वळणापुरता लागतो. लागला की जोरात आणि थोडा वेळ दाबायचा, वेग कमी करायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. हलका पाय ठेवून घसटत नेली की ड्रमला गार व्हायला वेळच मिळत नाही.

आणखी एक. डिझेल वाचवायला काही पोरं न्यूट्रलवर, तर काही इंजिन बंद करून उतरतात. डिझेल गाडीत बूस्टरला लागणारी हवेची ओढ वेगळा पंप तयार करतो. तो बहुतेक जुन्या गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीवर असतो. इंजिन थांबलं की पंप थांबला. मग बूस्टरमध्ये साठलेल्या ओढीवर दोन-तीन ब्रेक लागतात, त्यानंतर पेडल दगडासारखं होतं. असे गेलेले लोक मी डोळ्यांनी पाहिलेत.

लेथवाला

माझं ड्रम ट्रू (लेथवर मारून गोल) करायचं आणि लायनर बसवायचं काम आहे, तेव्हा दोन शब्द माझेही.

तुमच्या एकाच उतारात दोन वेगवेगळे बिघाड लागोपाठ झालेत. ते वेगळे ओळखता आले पाहिजेत.

पहिला : पेडल टणक, पण गाडी थांबत नाही, वास येतो. हा लायनर तापल्याचा. एका हद्दीपलीकडे तापलं की लायनरची पकड कमी होते. शिवाय ड्रम तापून फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब जातो. डिस्कमध्ये फिरणाऱ्या प्लेटला दोन बाजूंनी पॅड दाबतात. प्लेट तापून फुगली तर पॅडच्या दिशेने फुगते, हा डिस्कचा खरा फायदा. आणि ती उघडी असते, वाऱ्याने लवकर गार होते.

दुसरा : पेडल मऊ, खाली जातंय, पंप मारल्यावर धरतंय. हा ब्रेक ऑइल उकळल्याचा. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. तुम्ही दाबत होता ती वाफ. गार झाल्यावर वाफेचं पुन्हा तेल झालं, म्हणून मिस्तरींना सकाळी सगळं बरोबर दिसलं. त्यांची चूक नाही, गार गाडीत हे सापडतच नाही.

आता हिशोब बघा. गाडी आणि माल मिळून २७०० किलो धरू. ताशी ६० च्या वेगातून एकदा पूर्ण थांबवायला ब्रेकला सुमारे पावणेचार लाख ज्यूल उष्णता पचवावी लागते. तीच गाडी ४०० मीटर उंची उतरवायची, वेग वाढू न देता, तर एक कोटी पाच-सहा लाख ज्यूल. म्हणजे साठच्या वेगातून लागोपाठ अठ्ठावीस वेळा करकचून थांबवल्यासारखं! एवढ्या उष्णतेत तीस लिटर गार पाणी उकळीला येतं. यातली मोठी वाटणी इंजिनाने उचलली नाही तर ती कुठे जाणार? ड्रममध्ये, तिथून व्हील सिलेंडरमध्ये (चाकातला, लायनर ड्रमवर ढकलणारा), तिथून तेलात.

तेल शेवटचं कधी बदललंत?

रातपाळी_ओतूर

बदललेलं आठवत नाही. कमी झालं की वरून टाकतो.

लेथवाला

तिथेच सापडलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, झाकण बंद असलं तरी. बाटलीवर डीओटी ३, डीओटी ४ असा तेलाचा दर्जा लिहिलेला असतो. डीओटी ३ चं कोरं तेल किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी ओढलेलं १४० ला. डीओटी ४ चं कोरं २३० आणि पाणी ओढलेलं १५५. उतारावर तापलेल्या चाकात १४० काहीच नाही. वरून टाकून उपयोग नाही, कारण खरं खराब तेल खाली चाकाशी असतं. पूर्ण काढा, चारही चाकांकडून स्वच्छ येईपर्यंत सोडा, डीओटी ४ भरा आणि दर दोन वर्षांनी बदला. ३ आणि ४ एकमेकांत चालतात. पण डीओटी ५ नावाचं सिलिकॉनचं येतं, ते यात मिसळायचं नाही. ५.१ वेगळं, ते चालतं. बाटली सीलबंदच घ्या. मेकॅनिककडे महिनाभर उघडी पडलेली बाटली नको.

आणि कुणीही वाटेत तेल संपलं म्हणून इंजिन ऑइल किंवा डिझेल टाकू नका. मास्टर सिलेंडर आणि व्हील सिलेंडरचे रबर फुगतात, ब्रेक धरून बसतो, मग सगळे रबर बदलावे लागतात.

क्रेट_बावीस_किलो

आमचीही गाडी त्याच रोडला असते. आम्ही घाट संपला की चहाच्या टपरीवर थांबून ड्रमवर बादलीभर पाणी मारतो. लगेच गार होतात. बरोबर का?

लेथवाला

नका मारू, भाऊ. ड्रम बिडाचा असतो. लाल होईपर्यंत तापलेल्या तव्यावर पाणी मारलं तर काय होतं? बारीक तडे जातात, ड्रम अंडाकृती होतो, मग पेडल पायाखाली थरथरतं. माझ्याकडे महिन्याला असे ड्रम येतात. लेथवर मारून देतो, पण त्यालाही हद्द आहे. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, त्यापुढे मारला की तो फेकायचा. पातळ झालेला ड्रम उष्णता कमी पचवतो आणि लवकर फुगतो. थांबून हवेवर गार होऊ द्या. अर्धा तास जातो, जाऊ दे. आणि थांबताना हँडब्रेक करकचून ओढून ठेवू नका, तापलेला ड्रम लायनरवर आवळला जातो. गिअरमध्ये ठेवा आणि दगड लावा.

डिस्कच_टाका

मी वेगळं मत मांडतो. गिअरचं, तेलाचं सगळं मान्य. पण ड्रम तो ड्रम. माझ्या जुन्या पिकअपला चार वर्षांपूर्वी पुढे डिस्क टाकल्या. पावसात फरक लगेच कळतो. माळशेजला पावसाळ्यात धबधबे रस्त्यावरच पडतात. ड्रममध्ये पाणी शिरलं की पुढचे दोन-तीन ब्रेक रिकामे जातात. डिस्कवरचं पाणी पॅड पहिल्याच फेरीत पुसून टाकतो. शिवाय ड्रमची पकड कधी डावीकडे जास्त, कधी उजवीकडे, गाडी ओढते. डिस्कला तो त्रास फार कमी.

पण नुसती प्लेट आणि कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) आणून बसवू नका. मी शिकलो ते सांगतो.

संच पूर्ण घ्या, म्हणजे नकल (स्टिअरिंगबरोबर वळणारा, चाक धरणारा तुकडा), हब (चाक ज्याला नटांनी बसतं तो), बेअरिंग, कॅलिपर, पाईप, सगळं एकाच गाडीचं. नटांचं अंतर तुमच्या रिमशी जुळतंय का बघा. रिम आतून कॅलिपरला घासते का, हे चाक लावून, हाताने पूर्ण फिरवून, स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून बघा. जुन्या बाजारातली प्लेट असेल तर जाडी मोजा, किमान जाडी प्लेटवर लिहिलेली असते.

मास्टर सिलेंडरही त्याच संचाचा हवा. ड्रममध्ये पुढची लायनर चाकाबरोबर ओढली जाऊन स्वतःच जास्त आवळते, डिस्कमध्ये तसं होत नाही. म्हणून डिस्कला दाब जास्त लागतो आणि तेलही जास्त. ड्रमचा मास्टर तसाच ठेवला तर पेडल खोल जातं. बूस्टर मोठा लागू शकतो. माझ्याकडे आधी मिस्तरींनी जुनाच मास्टर ठेवला, पंधरा दिवस मी खोल पेडलवर गाडी चालवली. तसं करू नका.

जुनी_सी_दहा

नमस्कार. मी मूळचा साताऱ्याचा, सध्या डेट्रॉइटजवळ राहतो. छंद म्हणून १९६९ ची शेव्हरोले सी-१० पिकअप हाताने दुरुस्त केली. तिलाही चारही ड्रम होते. १९७१ पासून त्याच पिकअपला कंपनीनेच पुढे डिस्क दिल्या, आणि १९६७ ते १९७२ ही एकच पिढी. म्हणून इकडे लोक ७१-७२ चा पुढचा संच उचलून आधीच्या गाडीला लावतात. डिस्कच_टाका यांनी सांगितलेलं 'एकाच गाडीचा संच' हे तंतोतंत पटलं.

त्यात एक भर. ड्रमच्या मास्टर सिलेंडरच्या तोंडाशी बऱ्याचदा एक छोटी झडप असते. पाय उचलल्यावरही ती पाईपमध्ये थोडा दाब धरून ठेवते, साधारण १० पीएसआय, म्हणजे व्हील सिलेंडरचे रबर हवा ओढत नाहीत. ड्रमला स्प्रिंग असते, ती लायनर मागे ओढते, त्यामुळे हा दाब चालून जातो. डिस्कला तशी स्प्रिंग नाही. मी ती झडप काढायची विसरलो. दोनशे मैलांत पॅड अर्धे झाले, आणि पुढच्या हबला हात लावला तर भाजला. डिस्ककडे जाणाऱ्या पाईपवर ती झडप राहता कामा नये.

दुसरं पाईपचं. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. माझ्या गाडीचे ब्रेक पाईप वरून ठीक दिसत होते. क्लिप काढली तर खालून कागदासारखे झाले होते.

खाडीकाठ_मालवण

मिठाचा विषय निघालो म्हणान लिहितंय. आमच्या हय मासळीच्या गाडयांक बर्फ आनि खारा पानी रात्रभर हौद्यातसून खाली ठिबाकता. थेट चेसिसवर, जंय ब्रेकचो पाईप जाता.

सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं साध्या मराठीत लिहितो. आमच्या ओळखीत एका गाडीचा मागचा पाईप असाच क्लिपखाली फुटला. दोन कप्प्यांचा मास्टर होता म्हणून पुढचे ब्रेक राहिले आणि गाडी थांबली. जुन्या जीपना एकच कप्पा असायचा. एक पाईप फुटला की चारही चाकं गेली. ज्यांच्याकडे अजून एकच कप्पा आहे, त्यांनी डिस्कचा विचार करण्याआधी दोन कप्प्यांचा मास्टर टाकावा. माझ्या मते जुन्या गाडीतली सगळ्यात मोठी सुधारणा तीच.

आणि पाईप बदलताना तांब्याची नळी लावू देऊ नका. वाकवायला सोपी म्हणून काही जण लावतात. पण थरथरीने ती कडक होत जाते आणि एक दिवस तोंडाशी तडकते. स्टीलचा ब्रेक पाईपच घ्या, तोंड दुहेरी मुडपलेलं. दर पावसाळ्यानंतर क्लिपा सोडून बघा.

नारायणगावची_ताई

मी गाडी चालवत नाही. माल आमचा, गाडी आमची, चालवतात आमचे हे. रात्री निघाले की पहाटे फोन येईपर्यंत मला झोप लागत नाही. हा धागा दोनदा वाचला. आमच्याही गाडीचं तेल कधी बदललेलं मला आठवत नाही, आणि घरचा सगळा खर्च मीच लिहून ठेवते. घरच्या घरी काही तपासता येतं का? मिस्तरी तालुक्याला असतात.

घाटमाथा

ताई, येतं. बूस्टरची परीक्षा सोपी. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे साठलेली ओढ संपेल. पेडल टणक होईल. मग पाय तसाच दाबून ठेवा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली सरकलं तर बूस्टर आणि त्याचा पंप काम करतोय. सरकलं नाही तर नळी, पंप नाहीतर बूस्टर यांपैकी काहीतरी गेलंय.

दुसरी परीक्षा. इंजिन चालू ठेवून पेडल एकसारखं दाबून मिनिटभर धरा. हळूहळू खाली बसत गेलं तर आतून दाब सुटतोय. ती गाडी घाटात न्यायची नाही.

तेलाचा डबा झाकण न काढता बाहेरून बघा. कोरं तेल मधासारखं फिकट असतं. काळपट चहासारखं असेल तर वेळ झाली.

पाटे_आणि_दांडी

उशिरा आलो, पण एक प्रश्न कुणीच विचारला नाही. रातपाळीदादा, मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) कंपनीचेच आहेत की वाढवलेत?

रातपाळी_ओतूर

वाढवलेत. वडिलांनी दोन जास्तीचे टाकले होते. भरल्यावर गाडी मागून बसत होती म्हणून.

पाटे_आणि_दांडी

मग गाडीखाली जा आणि मागच्या ॲक्सलच्या वर बघा. चेसिसला एक झडप असेल, तिच्यातून ब्रेकचा पाईप जातो, आणि तिच्यापासून ॲक्सलपर्यंत एक दांडी किंवा स्प्रिंग येते. आहे का?

रातपाळी_ओतूर

बघून आलो. आहे. पण दांडी ॲक्सलला लावलेली नाही. खाली ओढून तारेने बांधून ठेवलीय. कधीपासून, माहीत नाही.

पाटे_आणि_दांडी

दादा, हा शोध डिस्कपेक्षा मोठा आहे. सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे निम्म्या पिकअपना पाटे वाढवलेले असतात आणि ही झडप कुणी बघत नाही.

मोकळ्या पिकअपचा मागचा भाग हलका. जोरात ब्रेक मारला की वजन पुढे जातं, मागची चाकं आणखी हलकी होतात, जाम होतात आणि गाडी गिरकी घेते. म्हणून मोकळी असताना मागच्या ब्रेकचा दाब कमी करावा लागतो. भरल्यावर उलट. माल सगळा मागच्या ॲक्सलवर, तेव्हा मागच्या चाकांनी पूर्ण काम केलं पाहिजे. गाडी भरली की नाही, हे झडपेला त्या दांडीवरून कळतं. माल भरला, चेसिस खाली बसली, ॲक्सल आणि चेसिसमधलं अंतर कमी झालं, दांडी वर ढकलली गेली, झडप उघडली, मागे पूर्ण दाब गेला.

आता पाटे वाढवले. बाराशे किलो भरले तरी चेसिस बसत नाही. झडपेला वाटतं गाडी मोकळी आहे. मागचा दाब कमीच राहतो. तुमच्याकडे तर दांडी खाली बांधून टाकलीय, म्हणजे झडपेच्या लेखी गाडी कायम मोकळी. याचा अर्थ घाटात बहुतेक काम पुढचे दोन ड्रम एकटे करत होते. तेच तापले, तिथलंच तेल उकळलं.

आणि म्हणून सांगतो, पुढे डिस्क टाकून हे सुटलं नसतं. पुढच्या डिस्क तापल्या असत्या, मागची चाकं तशीच बसून राहिली असती.

दांडी उलट्या बाजूला, वर बांधली तरी चालणार नाही. भरलेली गाडी छान थांबेल, पण कल्याणहून मोकळी येताना पावसात मागची चाकं जाम होतील. दांडी ॲक्सलला लावूनच, कंपनीच्या पुस्तकातल्या मापाने बसवायला हवी, आणि वाढवलेल्या पाट्यांसाठी माप पुन्हा धरायला हवं. सगळ्यात चांगलं म्हणजे जास्तीचे पाटे काढा आणि गाडीच्या क्षमतेएवढाच माल भरा.

डिस्कच_टाका

हे मलाही माहीत नव्हतं. माझी गाडी उद्याच बघतो. माझं मत थोडं बदलतो : डिस्क टाका, पण ही झडप आणि मागचे ड्रम नीट केल्यावर.

फिटनेस_दरवर्षी

कागदाची बाजूही बघा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेपासून वेगळा बदल सहजासहजी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलंय. मालवाहू गाडी आठ वर्षांपलीकडे गेली की फिटनेस दरवर्षी करावा लागतो आणि तिथे ब्रेक तपासले जातात. म्हणून काम करायच्या आधी आरटीओत लेखी विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा, बिलं जपून ठेवा. न कळवता केलेल्या बदलावरून दावा अडवला गेला तर भांडायला आपल्या हातात काही राहत नाही. तेल, लायनर, ड्रम, पाईप, झडप मूळ मापाची बदलणं म्हणजे दुरुस्ती, तिला कुणाची परवानगी लागत नाही.

रातपाळी_ओतूर

तीन आठवड्यांनी लिहितोय. सगळ्यांचं ऐकून क्रमाने केलं.

आधी, काहीही न बदलता, फक्त तेल नवीन डीओटी ४ भरून आणि गिअर दुसरा-तिसरा ठेवून एकदा घाट उतरलो. माल चाळीसच क्रेट. लांबून तापमान दाखवणारं छोटं यंत्र चुलतभावाने आणलं होतं. खाली थांबून चारही ड्रम मोजले. पुढचे दोन १८० च्या आसपास. मागचे दोन ६० सुद्धा नाहीत! हात लावून धरता येत होता. पाटे_आणि_दांडी यांनी न बघता सांगितलेलं आकड्यात दिसलं.

मग गाडी आठ दिवस उभी केली. मागचे ड्रम उघडले तर डाव्या व्हील सिलेंडरचा एक पिस्टन गंजून जाम. लायनर गुळगुळीत, काचेसारखी चमकत होती, वर्षानुवर्षं नुसती टेकत असल्यासारखी. दोन्ही व्हील सिलेंडर नवे, चारही चाकांना नवी लायनर, ड्रम लेथवर मारून घेतले (माप हद्दीच्या आत होतं). लायनरची धूळ हवेने उडवू दिली नाही, ओल्या फडक्याने पुसली. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, हे इथेच दुसऱ्या धाग्यावर वाचलं होतं. मागचा पाईप क्लिपखाली खरंच कुजला होता, तो बदलला. जास्तीचे दोन्ही पाटे काढले. दांडी ॲक्सलला लावून पुस्तकातल्या मापाने बसवली. लायनर इतकी जवळ आणली की चाक हाताने फिरवल्यावर बारीक घसट ऐकू येईल, पण अडणार नाही.

मोकळ्या रस्त्यावर आधी मोकळी, मग वीस क्रेट, मग चाळीस असे ब्रेक मारून बघितले. गाडी सरळ थांबते.

काल रात्री चाळीस क्रेट घेऊन उतरलो, दुसऱ्या गिअरमध्ये. खाली पुढचे १२५, मागचे ११०. पेडल वर होतं तिथेच.

आता डिस्क. मन बदललेलं नाही, पावसासाठी हव्यातच. पण घाई नाही. आरटीओत अर्ज दिलाय, उत्तर आलं की पूर्ण संचच घेईन. तोपर्यंत चाळीस क्रेटच्या वर भरणार नाही, असं घरी सांगितलंय. वडील थोडे नाराज झाले. त्यांना पुढचे आणि मागचे आकडे वहीत लिहून दाखवले. बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, "पाटे मीच टाकले होते रे."

पाटे_आणि_दांडी

दादा, वडिलांना सांगा, तेव्हा सगळेच टाकत होते. झडपेचं कुणी सांगितलंच नाही कुणाला. आणि हो, नवी लायनर पहिले काही दिवस बसत असते. दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा जवळ आणा.

नारायणगावची_ताई

आमच्याकडेही काल तेल बदललं. मिस्तरी घरी आले. मी सीटवर बसले, ते खाली. "दाबा... धरा... सोडा" असं दीड तास चाललं. सगळ्यात लांबचं चाक पहिलं, म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी ड्रायव्हरच्या बाजूचं. मागच्या डाव्या चाकातून जे निघालं ते तेल म्हणवत नाही. काळं, आणि बाटलीच्या तळाशी गाळ बसला. मी ती बाटली टाकून दिली नाही. ह्यांना दिसेल अशी मोरीजवळ ठेवलीय.

दांडीही बघितली. आमची जागेवर आहे, पण टोकाचं रबर गेलंय आणि ती खुळखुळते. ते रबर वेगळं मिळतं का, की पूर्ण दांडी घ्यावी लागते?

पाटे_आणि_दांडी

ताई, बऱ्याचदा वेगळं मिळतं. जुनं काढून सोबत न्या, भोकाचं माप जुळवूनच घ्या. गाडी भरून पाठवायच्या आधी ते बसवा.

नारायणगावची_ताई

आज गाडी पाठवत नाही. उद्या आळेफाट्याला जाऊन आणते.